भिंतीतला जोड

पाइप कापायची आरी हातात घेतली की ते पहिल्यांदा ती खाली ठेवायचे. पाइपावर खडूची खूण झालेली असायची, गडी पाइप घट्ट धरून उकिडवा बसलेला असायचा, आणि हे आपले शर्टाच्या खिशातून टेप काढून पुन्हा माप घ्यायचे. मग गड्याला विचारायचे, "टुकड़ा देखा?" गडी अपराधी चेहरा करायचा. "पहिले टुकड़ा देख. पाइप भागा नहीं जा रहा."

मग तो गडी कोपऱ्यातल्या बादल्यांकडे जायचा. रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये पाइपांचे तुकडे लांबीप्रमाणे उभे करून ठेवलेले असत. एकीत वीतभर, दुसरीत हातभर, तिसरीत दोन हात. दहांतल्या सात वेळा हवा तेवढा तुकडा तिथेच मिळायचा आणि नवा पाइप जागच्या जागी आडवा राहायचा. नाहीच मिळाला तर हे आरी उचलायचे, पण चेहरा असा करायचे की जणू कुणी त्यांच्या घरचं केळीचं झाड कापायला सांगितलं आहे.

ते नळकामाचे फोरमन होते. साइटवर सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत, मी काका म्हणायचे. त्यांचे पूर्वज दक्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आलेले. "आमच्याकडे घोडे होते," असं ते सांगायचे आणि लगेच जोडायचे, "आता एक स्कूटर आहे. ती पण धक्क्याने चालते." मी ग्वाल्हेरच्याच दाना ओलीतली. आमच्याकडे घोडे नव्हते, दौत-लेखणी होती, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की मुलीने बँकेत जावं. मी गेले इमारतींच्या नळ, वीज आणि ड्रेनेजच्या कामात. चार लोकांत ते मला "मॅडम" म्हणत आणि एकटी असले की "पोरी". कुठे काय म्हणायचं यात त्यांची कधी गल्लत झाली नाही.

तुम्ही बांधकाम चालू असलेली इमारत आतून पाहिली असेल, तर मागच्या बाजूचा ढीगही पाहिला असेल. लोकांना वाटतं तो विटा-सिमेंटचा असतो. जरा काठीने उकरून बघा. पाइपांचे तुकडे, वायरीच्या शेपट्या, पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचे वाळून दगड झालेले डबे, पुठ्ठे, थर्माकोल, आणि चुकीच्या जागी पाडलेल्या भोकांतून निघालेलं काँक्रीट. यातलं निम्मं तरी आमच्या खात्याचं. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात काकांनी मला त्या ढिगासमोर उभं केलं आणि म्हणाले, "पोरी, हे वाच. यात कुणी काय चूक केली ते सगळं लिहिलेलं आहे."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांनी खरंच वाचून दाखवलं. हे भोक स्लॅब पडल्यावर पाडलं, मतलब नकाशा उशिरा आला. ही वायर तीनदा कापली, मतलब स्विचबोर्डाची जागा तीनदा बदलली. हा डबा निम्मा भरलेला आहे, मतलब कुणीतरी झाकण न लावता जेवायला गेला. सोल्यूशन ते नेहमी छोट्या डब्यांत मागवायचे. दुकानदार म्हणायचा, मोठा डबा घ्या. काका म्हणायचे, "मोठा डबा वाळायलाच घेतात."

त्यांची पद्धत अशी. इमारतीतलं एक बाथरूम आधी पुरं करायचं. त्यासाठी फरशीवर खडूने सगळी पाइपलाइन खऱ्या मापात काढायची, इलेक्ट्रिशियनला बोलावून तिथेच त्याच्याही वायरी वेगळ्या रंगाने काढून घ्यायच्या, म्हणजे एकच भिंत दोघांनी दोनदा फोडायची नाही. इलेक्ट्रिशियन आधी कुरकुरायचा. मग काका त्याला स्वतःच्या डब्यातली भाकरी द्यायचे आणि खडूही द्यायचे. बाथरूम मनासारखं झालं की त्याचे सगळे तुकडे मोजून यादी करायची. पुढची सगळी बाथरूमं त्या यादीवरून. कापताना सर्वांत लांब माप पहिले, सर्वांत छोटं शेवटी. ड्रेनेजच्या जाड पाइपाचे उरलेले तुकडे स्लॅब पडण्याआधी लोखंडाच्या जाळीत उभे करायचे, आत ओली वाळू भरायची, तोंडाला सिमेंटच्या पोत्याचा कागद बांधायचा. काँक्रीट वाळल्यावर वाळू काढली की भोक तयार. स्लॅबच्या दिवशी ते सकाळपासून त्या कागद बांधलेल्या तोंडांवर नजर ठेवून उभे राहायचे आणि कुणी ठोकर मारली तर त्याच्या खानदानाचा उद्धार करायचे. तो हिंदीत करायचे. मराठी शिव्या त्यांना बायकांसमोर देता येत नसत, आणि हिंदी मला कळत नाही अशी त्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली होती. ग्वाल्हेरात जन्मलेल्या बाईला हिंदी कळत नाही!

एक नियम मात्र सगळ्यांच्या वर होता. तुकडे वापरायचे ते उघड्यावर किंवा जिथे तसाही वळणाचा जोड येणार तिथे. दोन तुकडे जोडून भिंतीत सरळ पाइप म्हणून घालायचा नाही. "प्लास्टरच्या आत जोड नको," ते म्हणायचे. "बाहेरचा जोड गळला तर पाना लागतो. आतला गळला तर घर फुटतं." टाइल फोडावी लागणं ही त्यांच्या मते सगळ्यांत मोठी नासाडी होती.

या काटकसरीचा त्रास होता तो त्यांच्या गड्यांना. आमच्याकडे रीत अशी की इमारत संपली की पाइप-वायरीचं भंगार कारागिरांचं. ते विकायचं आणि साइटवरच दाल-टिक्कडची, म्हणजे डाळ आणि जाड रोट्यांची, पंगत करायची. जितका ढीग मोठा तितकी पंगत जोरदार. म्हणून काही ठिकाणी नवे पाइपसुद्धा "चुकून" कापले जातात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. काकांच्या साइटवर ढीगच नसायचा, तर पंगत कशाची? दोन चांगले गडी यावरून सोडून जायला निघाले होते. तेव्हापासून इमारत संपली की काका स्वतः मटण शिजवायचे. सकाळपासून साइटच्या मागे चूल, मोठं पातेलं, आणि हे बनियनवर, हातात पळी. मसाला घरून वाटून आणलेला. गडी पोटभर जेवायचे आणि म्हणायचे, "मिस्त्रीजी का भंगार सबसे बढ़िया." एकही गडी नंतर सोडून गेला नाही.

आता मी जे सांगणार आहे त्यात मी शहाणी ठरत नाही. पण ते गाळलं तर बाकी सांगण्यात अर्थ नाही.

सिरोल रस्त्यावर आमची चार मजल्यांची इमारत चालू होती. तिथे काकांनी कमाल केली होती. मागची ढिगाची जागा इतकी मोकळी होती की वॉचमनच्या बायकोने तिथे मेथी लावली. मालकाला याचा फार अभिमान वाटू लागला. तो इतर बिल्डरांना बोलावून ती जागा दाखवायचा, आणि समजावून सांगायला मला उभी करायचा. मी काकांची पद्धत तक्त्यावर मांडून दाखवायचे. इंग्रजी शब्द वगैरे घालून. एकदा बोलण्याच्या भरात मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या इमारतीत आता एकही नवा पाइप येणार नाही, जेवढे आले तेवढ्यात काम पुरं होईल. टाळ्या पडल्या. मला टाळ्यांची सवय नव्हती, त्या डोक्यात गेल्या. काका मागे उभे होते. ते टाळी वाजवत नव्हते, पण हसत होते.

हिशेब खरंच बरोबर होता. पण त्याच आठवड्यात वाळूची ट्रॉली मागे येताना एका पाइपावरून गेली आणि तो उभा चिरला. शेवटचं बाथरूम राहिलं होतं, चौथ्या मजल्यावरचं, फ्लॅट नंबर चारशे चारचं. तिथे गीझरपासून शॉवरपर्यंत भिंतीतून सरळ पाइप जायचा होता. काका माझ्याकडे आले.

"मॅडम, एक पाइप आणणं आहे. इंदरगंजहून अर्ध्या तासात घेऊन येतो."

मी फोनवर होते. दुसऱ्या दिवशी ते बिल्डर फोटो काढायला परत येणार होते. मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "काका, मी सगळ्यांना सांगून बसले आहे. जमवा ना काहीतरी."

त्यांनी टेप खिशात ठेवली. "बरं," म्हणाले आणि गेले. कसं जमवलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

चारशे चार घेतला होता एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी. उभं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेलं, आणि आता हा फ्लॅट. सर दर शनिवारी येऊन घर बघायचे आणि प्रश्न विचारायचे. फार पूर्वी, भिंती उघड्या होत्या तेव्हा, त्यांनी काकांना विचारलं होतं, "आत कुठे जोड तर नाही ना ठेवत?" काका म्हणाले होते, "सर, माझ्या भिंतीत जोड नसतो." सरांनी मान डोलावली होती आणि वहीत लिहून घेतलं होतं. ते सगळंच वहीत लिहायचे.

पाण्याचा दाब देऊन तपासणी झाली, ठीक आली. टाइल लागल्या. सरांची वास्तुशांत गुरुवारी ठरली. त्याआधीच्या रविवारी सकाळी काका माझ्या घरी आले. दाना ओलीत गल्ली इतकी अरुंद की स्कूटर लावून ते जिन्याखालीच उभे राहिले. वर या म्हटलं तर आले नाहीत.

"पोरी, चारशे चारच्या भिंतीत जोड आहे. मी केला."

तूच 'जमवा' म्हणालीस, हे त्यांनी म्हटलं नाही. मला ते तेवढ्यात आठवलं आणि म्हणूनच बहुधा मी चिडले. म्हटलं, "तपासणीत पास झालं ना? सगळे करतात जोड. नीट लावलेला जोड पाइपापेक्षा पक्का असतो, तुम्हीच सांगता."

"थंड पाण्याचा असता तर चुपचाप बसलो असतो. हा गरम पाण्याचा आहे. रोज तापणार, रोज थंड होणार."

"काहीच होणार नाही काका. कुणाला कळणार पण नाही."

"हे तर खरं आहे," ते म्हणाले. "पण सरांना मी नाही म्हणून सांगितलं आहे. त्यांनी लिहून ठेवलं आहे."

मी त्यांना म्हटलं, मालकाला कळलं तर पुढचं काम जाईल. मालक एक मोठं वसतिगृह बांधणार होता आणि त्याचं सगळं नळकाम काकांना मिळणार हे ठरल्यासारखं होतं. निवृत्त होण्याआधीचं त्यांचं शेवटचं मोठं काम. त्यांना ते माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यांनी खिशातून चावी काढून दाखवली. "वॉचमनकडून घेऊन आलो आहे. तुला यायचं तर ये."

मी गेले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना टाइल फोडू दिली नाही, तो त्या नव्या कोऱ्या बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून पातळ पात्याने टाइलांमधला सांधा खरवडत होता. अख्ख्या काढायच्या होत्या. एक टाइल अख्खी निघाली. दुसरीला मधोमध चीर गेली आणि तिचे दोन तुकडे त्यांच्या हातात आले. ते त्या तुकड्यांकडे असे बघत राहिले की मला तिथे थांबवेना. मागचं प्लास्टर काढलं. जोड कोरडा ठणठणीत होता.

"बघा," मी म्हटलं. "कोरडा आहे."

"आज कोरडा आहे," ते म्हणाले.

नवा पाइप त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला होता. तो एकसंध घातला, पंपाने दाब दिला, भिंत बंद केली. ती टाइल बाजारात मिळेना, रंग बंद झाला होता. सराफा बाजारापासून मुरारपर्यंत फिरून त्यांनी जवळात जवळची आणली. तरी ती जराशी पिवळट दिसायची.

गणिताच्या मास्तरांना शंभर टाइलांत एक वेगळी दिसणार नाही असं कसं होईल? वास्तुशांतीच्या दिवशी सगळे जमलेले, मालकही आलेला. सरांनी बाथरूम बघितलं आणि सहज विचारलं, "ही एक निराळी का?" मी काहीतरी सांगणार होते. कारखान्यातून रंग असाच येतो, असं माझ्या ओठांवर आलं होतं. काका पुढे झाले.

"सर, या भिंतीत जोड होता. मी तुम्हाला नाही म्हणालो होतो, आणि मग मीच केला. रविवारी फोडून काढला. आता नाही. टाइल मात्र तुटली."

सरांनी वही काढून तेही लिहून घेतलं. मालकाचा चेहरा उतरला. बाहेर येऊन तो खालच्या आवाजात काकांना म्हणाला, "काम अच्छा था तो तोड़ा क्यों? ख़राब था तो किया क्यों?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तर मी होते. माझ्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते घेऊन मी उभी राहिले आणि एक शब्द बोलले नाही. काका म्हणाले, "ग़लती हो गई, सेठजी." वसतिगृहाचं काम दुसऱ्याला गेलं.

मला लाज वाटली, अजून वाटते. दोन वर्षं मी त्यांना टाळलं. मग एक दिवस इंदरगंजच्या हार्डवेअरच्या दुकानात समोरासमोर आलो. ते पाइपाच्या वळणाचा एक जोड, एल्बो, विकत घेत होते. एकच. आता जुन्या घरांची बारीकसारीक दुरुस्ती करत होते. "आरामात आहे," म्हणाले. "एक नळ, एक वायसर. कापणं नाही, काही नाही."

मी तिथेच, दुकानदारासमोर, सुरू केलं. "काका, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. जमवा म्हणून मी..."

"बोलली असतीस तर तुझंही काम गेलं असतं," ते म्हणाले. "एका पाइपापायी दोन माणसं? हे तर वेस्टेज झालं, पोरी." आणि एल्बो उजेडात धरून त्याची कड तपासू लागले.

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला तेराव्यानंतर कळलं. त्यांच्या घरी गेले, काकूंजवळ बसले. काकूंनी त्यांच्याबद्दल फारसं काही सांगितलं नाही. माझी नोकरी कशी चाललीय तेच विचारत राहिल्या.

जानेवारीत सरांचा फोन आला. घराच्या कागदांत माझा नंबर होता.

"ते तुमचे मिस्त्री यंदा आले नाहीत," सर म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. दर वर्षी कडाक्याची थंडी पडली, घरोघरी गीझर चालू झाले, की काका चारशे चारला यायचे. गीझर लावायला सांगायचे, गरम पाणी सोडायचे, त्या पिवळट टाइलवर तळवा ठेवून उभे राहायचे. मग चहा घ्यायचे आणि जायचे. सर पहिल्या वर्षी म्हणाले होते, आता तर जोड नाही, मग कशाला येता? काका म्हणाले होते, "जोड नाही म्हणून एकदा सांगून चुकलो आहे. आता दाखवून जातो."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं म्हणून मी गेले. काका गेल्याचं सांगितलं. सर खुर्चीत बसून राहिले. त्यांच्या पत्नीने पदर डोळ्यांना लावला. मग मी बाकीचंही सांगितलं. ट्रॉली, टाळ्या, जमवा. नवा पाइप आणायला मी जाऊ दिलं नव्हतं, हे सांगितलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांनी आम्हाला तुमचं नाव कधी का नाही सांगितलं?"

सर उठले, आत गेले आणि गीझरचं बटण लावलं. पाणी तापेपर्यंत आम्ही तिघंही त्या एवढ्याशा बाथरूमच्या दारात उभे होतो. मग त्यांनी नळ सोडला आणि बाजूला सरकून मला वाट दिली. मी टाइलवर तळवा ठेवला. आधी ती गार होती, मग हळूहळू कोमट झाली. कोरडी होती. मी तसं सरांना सांगितलं, आणि पुढच्या थंडीत येईन म्हणाले.